लकी लुचियानोची गोष्ट कट्ट्यावर पाऊण तासात कशी सांगायची

आमच्या सोसायटीत, नाशिकच्या गंगापूर रोडला, महिन्यातून एका रविवारी टेरेसवर कट्टा असतो. कोणीतरी एक जण पाऊण तास बोलतो, मग चहा, मग प्रश्न. मी लकी लुचियानोवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या इटालियन टोळ्यांच्या जुन्या म्होरक्यावर, दोनदा बोललोय. पहिल्यांदा पार फजिती झाली, दुसऱ्यांदा लोकांनी खुर्च्या सोडल्या नाहीत. त्यामुळे ज्याला कोणाला हा विषय घ्यायचाय त्याच्यासाठी लिहून ठेवतोय, म्हणजे माझ्यासारखं तोंडावर पडायला नको.

पहिली फजिती आधी सांगतो, कारण सगळी पद्धत तिथूनच निघाली. मी एकदम स्टाईलमध्ये सुरुवात केली, की १५ एप्रिल १९३१, न्यूयॉर्कमधलं कोनी आयलंड, एका हॉटेलात जो मासेरिया हा जाडजूड डॉन आणि आपला लुचियानो पत्ते खेळतायत, लुचियानो हात धुवायला उठतो आणि तेवढ्यात चार जण आत येऊन धाड धाड. सगळे गप्प, मी खूश. मग मागच्या रांगेतून आमच्या बिल्डिंगमधले आजोबा, कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांनी शांतपणे विचारलं, 'हे पाहिलं कोणी?' झालं. माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मासेरियाचा त्या दिवशी तिथे खून झाला हे खरंय, पण त्या खुनासाठी कधीच कोणाला शिक्षा झाली नाही, आणि हात धुवायची गोष्ट ही सांगोवांगी चालत आलेली. त्यानंतरची चाळीस मिनिटं मी जे जे बोललो त्यावर आजोबा नुसते मान हलवत होते, कशी ते विचारू नका.

तर पहिलं काम, एक शंभर पानी वही घ्या आणि तीन रकाने पाडा: दिवस, गाव, आणि सांगणारा कोण. तिसऱ्या रकान्यात कोर्ट, पोलीस, जहाज, तुरुंग असलं काही आलं तर ती घटना बिनधास्त सांगा. तिथे 'म्हणतात' आलं तर सांगताना पण 'म्हणतात' म्हणा, लाजू नका, उलट लोकांना ते जास्त आवडतं. त्याच्या मरणानंतर त्याच्याच नावाने आठवणी छापून आल्यात, त्यातून तर काहीच सरळ उचलू नका, त्या त्याच्याच आहेत का यावरच अभ्यासकांनी शंका घेतलीय. आणि तिसरा रकाना रिकामाच राहिला तर ती घटना कितीही भारी असली तरी सोडून द्या. मी तीन-चार सोडल्या, जिवावर आलं पण सोडल्या.

नावांचं आधी बघून घ्या. इटालियन उच्चार लुचियानो, अमेरिकन लोक लुसियानो करतात, कुठलाही एक धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. जन्माचं नाव साल्वातोरे लुकानिया. गाव लेर्कारा फ्रिद्दी, सिसिलीत, पालेर्मो जिल्ह्यात. जन्म २४ नोव्हेंबर १८९७. पूर्ण भाषणात सात-आठच नावं घ्यायची, त्याच्यावर गेलात की ऐकणाऱ्याच्या डोक्यात सगळे इटालियन एकच होतात, मासेरिया मारांझानो मारांझानो मासेरिया. फळ्यावर लिहून ठेवली तर उत्तम. मेनरोडवरून शाळेच्या मुलांचा जगाचा नकाशा पण आणा, त्यावर सिसिली, न्यूयॉर्क, हवाना आणि नेपल्सला लाल टिकल्या लावायच्या. माझ्या बायकोच्या टिकल्या वापरल्या, काम झालं.

सुरुवात बंदुकीने करू नका, गंधकाने करा. नाशिककरांना हे लगेच कळतं, कारण द्राक्षावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली की आपल्याकडे गंधकच मारतात, दिंडोरी-निफाडकडचा एखादा तरी बागायतदार श्रोत्यांत असतोच. युरोपात द्राक्षबागांवर भुरी पसरली तेव्हा त्यांनाही गंधक लागला, आणि एकोणिसाव्या शतकात जगाला लागणारा बहुतेक गंधक सिसिलीच्या खाणीतून जायचा. लेर्कारा फ्रिद्दी हे त्याच खाणींचं गाव, बाप अंतोनियो खाणीतच. या खाणींत कोवळी पोरं पाठीवर दगड वाहून वर आणायची, त्यांना तिकडे कारुसी म्हणायचे. मग अमेरिकेने लुइझियानात जमिनीत गरम पाणी सोडून गंधक वितळवून पंपाने वर काढायची पद्धत काढली आणि सिसिलीच्या खाणींचं कंबरडं मोडलं. गावंच्या गावं बोटीत बसून अमेरिकेला निघाली, त्यातच १९०६ च्या सुमारास हे लुकानिया कुटुंब. म्हणजे ज्या देशाने गंधकाचा धंदा नेला त्याच देशात पोट भरायला गेले, आपल्याकडे दुष्काळी भागातून लोक मुंबईला गिरणीत जायचे तसंच की. हे पाच मिनिटांत सांगून होतं आणि लोक पुढे सरकून बसतात.

मग न्यूयॉर्कचा लोअर ईस्ट साइड. चौदाव्या वर्षी शाळा सुटली, टोप्या पोचवायचं काम, आठवड्याला सात डॉलर. एकदा फाशाच्या जुगारात २४४ डॉलर जिंकले आणि काम सोडलं. हा आकडा सांगून थोडं थांबा, लोकांना हिशोब करू दे, जवळजवळ पस्तीस आठवड्यांचा पगार एका रात्रीत. याच गल्लीत मायर लॅन्स्की भेटला, हल्लीच्या बेलारूसमधल्या ग्रोड्नोचा ज्यू पोरगा, आणि ही जोडी आयुष्यभर टिकली. १९१६ मध्ये हेरॉइन विकताना सापडून सहा महिने आत. इथे फार रेंगाळू नका.

दारूबंदीला मात्र वेळ द्या, जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३. नाशिकमध्ये हा भाग आपोआप रंगतो, वाइनचं गाव ना. सांगायचं असं, की दारू विकणं बंद झालं पण घरी फळांचा रस करायला कायद्यात फट होती, मग कॅलिफोर्नियाची द्राक्षं रेल्वेने भरभरून न्यूयॉर्ककडे जायला लागली, कॅलिफोर्नियातल्या बागा कमी होण्याऐवजी वाढल्या. काही कंपन्या तर द्राक्षाच्या अर्काच्या विटा विकायच्या आणि सोबत सूचना, की हे पाण्यात मिसळून कपाटात वीस दिवस ठेवू नका हं, नाहीतर वाइन होईल. हे सांगितल्यावर आमच्याकडे एवढा हशा झाला की खालच्या मजल्यावरून फोन आला. हसून झालं की मुद्द्यावर या: जी वस्तू सगळ्यांना हवी आणि कायदा देत नाही ती पोचवणारा रातोरात शेठ होतो, आणि गल्लीतली पोरं शेठ झाली ती अशी. अर्नोल्ड रॉथस्टीन नावाचा जुगारातला मोठा मासा, त्याने लुचियानोला म्हणे कपडे कसे घालायचे, मोठ्या लोकांत कसं बसायचं हे शिकवलं. रॉथस्टीन नोव्हेंबर १९२८ मध्ये गोळी लागून मेला.

'लकी' नावाचा प्रश्न येणारच, आधीच सांगून टाका. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याला उचलून नेलं, बेदम मारलं, चेहऱ्यावर सुरा फिरवला आणि स्टेटन आयलंडवर सोडून दिलं. वाचला, पण एक पापणी कायमची उतरलेली राहिली, फोटोत दिसते. कोणी मारलं? कोणी म्हणतं पोलिसांनी, कोणी म्हणतं विरोधी टोळीने, तो स्वतः कधी नीट बोलला नाही. नाव यावरून पडलं, की जुगारावरून पडलं, की लुकानियाचा अपभ्रंश होऊन पडलं, तिन्ही मतं सांगा आणि पुढे चला. आमचे आजोबा इथे पहिल्यांदा हसले होते.

हप्त्याचं गणित समजवायला बंदूक लागत नाही, भाजी लागते. मी आर्टिचोक घेतलं. ती काटेरी कमळासारखी भाजी, इटालियन लोकांना जीव की प्राण, न्यूयॉर्कमध्ये कॅलिफोर्नियाहून यायची. सिरो तेरानोवा नावाचा टोळीवाला, सिसिलीतल्या कोर्लेओनेचा, त्याने हा सगळा माल स्वतःच्या ताब्यात घेतला आणि भाव ठरवायला लागला, दुकानदाराने दुसरीकडून घेतला तर त्याची खैर नाही. आता हे पंचवटीच्या मार्केट यार्डातल्या एका आडत्याने सगळा कांदा दाबून धरला आणि वर दमदाटी केली असं समजून सांगा, लोकांना शून्य मिनिटांत कळतं. डिसेंबर १९३५ मध्ये महापौर ला गार्डिया पहाटे स्वतः भाजी बाजारात गेला, तुतारी वाजवून आर्टिचोकच्या विक्रीवर बंदीच जाहीर केली. बंदी थोडेच दिवस टिकली पण भाव उतरला. तेरानोवा काही लुचियानो नाही हे स्पष्ट सांगा, पण लुचियानोच्या राज्यात पैसा कसा यायचा याचं हे सगळ्यात सोपं चित्र आहे, भाजी, बंदरावरची हमाली, कपड्यांचे कारखाने, सगळीकडे तेच.

आता १९३१. मासेरिया एप्रिलमध्ये गेला, त्याच्या आणि साल्वातोरे मारांझानोच्या टोळ्यांमधलं युद्ध संपलं, मारांझानो म्हणाला आता मीच सगळ्यांचा साहेब. सहाच महिने नाही झाले तर १० सप्टेंबरला पार्क ॲव्हेन्यूवरच्या त्याच्या ऑफिसात माणसं आली, म्हणाली आम्ही सरकारी, टॅक्सवाले. तो असल्या तपासणीची वाटच बघत होता म्हणून आत घेतलं. आणि ही माणसं लॅन्स्कीच्या गोटातली, म्हणजे ज्यू, मारांझानोच्या लोकांना चेहरे ओळखीचे नाहीत. सुरे आणि पिस्तुलं. इन्कम टॅक्सची धाड म्हणून दार उघडणं हे आपल्याकडच्या व्यापाऱ्याला सांगायला लागत नाही, एक काकू तर 'अगंबाई' म्हणाल्या मोठ्याने. पण लगेच पुढे जी दंतकथा येते ना, की त्याच रात्री देशभर जुन्या मिशाळ डॉन लोकांना टिपून टिपून मारलं, चाळीस की साठ, ती सांगायची नाही. अभ्यासकांनी त्या दिवसांच्या बातम्या आणि नोंदी तपासल्या, तसली लाट कुठे सापडली नाही.

त्यानंतर लुचियानोने 'सगळ्यांचा साहेब' ही खुर्चीच ठेवली नाही, कमिशन केलं. न्यूयॉर्कची पाच घराणी, वर शिकागो, बफेलो. भावकीची भांडणं मिटवायला बसवलेली पंचायत म्हणा हवं तर, फक्त पंच सगळे आरोपी. या पंचायतीने काय केलं याचं एक उदाहरण पुरे: १९३५ मध्ये डच शुल्ट्झ या दारूवाल्याला थॉमस ड्यूई नावाच्या सरकारी वकिलाला मारायचं होतं, कमिशन म्हणालं नाही, वकील मारला तर सगळं सरकार अंगावर येईल. शुल्ट्झ ऐकेना, तर २३ ऑक्टोबरला नेवार्कच्या एका हॉटेलात शुल्ट्झलाच गोळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी मेला. आणि ज्या ड्यूईचा जीव वाचला त्यानेच आठ महिन्यांत लुचियानोला आत घातलं. हे असं जुळून येतं तेव्हा जास्त ॲक्टिंग करायची नाही, सपाट आवाजात सांगायचं.

कोर्टाला पंधरा मिनिटं ठेवा, पाऊण तासातला सगळ्यात मोठा तुकडा हाच. मी पहिल्यांदा दोन मिनिटांत उरकलं होतं आणि तीच चूक. कारण या माणसाच्या आयुष्यात तिसरा रकाना पूर्ण भरलेला सापडतो तो इथेच.

सुरुवात यूनिस कार्टरपासून करा. कृष्णवर्णीय बाई, वकील, ड्यूईच्या टीममध्ये. ती आधी खालच्या कोर्टात काम करायची तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं की वेश्याव्यवसायात पकडलेल्या वेगवेगळ्या बायका येतात पण जामीन देणारा तोच, वकील तोच, जजसाहेबांसमोर सांगायची गोष्ट पण तीच, आणि त्या सुटतात. एवढंच. आमच्या आजोबांनी इथे मांडीवर थाप मारली, म्हणाले 'कारकुनाला हेच आधी दिसतं.' मागे यंत्रणा अशी होती की प्रत्येक बाईने आठवड्याला दहा डॉलर भरायचे, पकडली गेली तर जामिनाची जबाबदारी टोळीची. चक्क विम्याचा हप्ता. ड्यूईला आधी हे प्रकरण घ्यायचंच नव्हतं, त्याला हलकं वाटत होतं, कार्टरने पटवलं.

१ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री ऐंशीच्या आसपास ठिकाणी एकाच वेळी छापे. बातमी फुटू नये म्हणून पोलिसांना पण कुठे जायचंय ते शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. पकडलेल्या बायकांना नेहमीसारखं लगेच सोडवता येऊ नये म्हणून जामीन दहा हजार डॉलर, कोण भरणार! दिवस गेले, टोळीचा वकील येईना, आणि बायका बोलायला लागल्या. लुचियानो तोपर्यंत अर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला पळालेला, तिथे १ एप्रिलला पकडला आणि राज्य पोलीस लावून न्यूयॉर्कला आणला.

आता जवळून दाखवायचा प्रसंग. हा बाबा वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात चार्ल्स रॉस या नावाने राहायचा, रेशमी शर्ट वगैरे. खटल्यात त्याने स्वतः साक्ष द्यायचं ठरवलं, की मी यातल्या बहुतेक आरोपींना ओळखतच नाही. मग ड्यूईने एकेक काढलं. हॉटेलच्या नोकरांनी येऊन सांगितलं की ही ही माणसं साहेबांच्या खोलीवर यायची. खोलीतून झालेल्या फोनची यादी आली. आणि मग १९२३ सालचं जुनं प्रकरण: तेव्हा हेरॉइन विकताना पकडल्यावर लुचियानोने स्वतःची मान सोडवायला अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की मलबेरी स्ट्रीटवर अमुक घरात मालाची ट्रंक आहे. म्हणजे जो सगळ्या टोळ्यांचा म्होरक्या, ज्याच्या जगात तोंड उघडणारा मेलाच समजायचा, तो स्वतः एकदा खबरी झालेला, आणि हे भर कोर्टात, पत्रकारांसमोर. हे वाचताना हळू वाचा. माझ्या मते या बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या ट्रंकेने त्याची जेवढी अब्रू घालवली तेवढी त्या चाकूने पण नाही घालवली.

७ जून १९३६ ला ६२ आरोपांवर दोषी, १८ जूनला तीस ते पन्नास वर्षांची शिक्षा. आणि प्रामाणिकपणे हेही सांगा की काही बायकांनी नंतर साक्ष फिरवली, आमच्यावर दबाव होता म्हणाल्या, अपील झालं, १९३८ मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केली. त्यावर वाद आजही चालतो. हे लपवलंत तर प्रश्नांच्या वेळी पकडले जाल, मी सांगतोय.

पुढचं पटापट. ९ फेब्रुवारी १९४२ ला न्यूयॉर्क बंदरात नॉर्मंडी जहाज जळालं, वेल्डिंगची ठिणगी पडून, घातपात नव्हता पण तेव्हा सगळ्यांना जर्मन हेर दिसत होते. नौदलाच्या हेरखात्याला बंदरावर डोळे-कान हवे होते आणि बंदर टोळ्यांच्या हातात, म्हणून तुरुंगातल्या लुचियानोपर्यंत माणूस गेला. बदल्यात त्याला लांबच्या डॅनेमोराहून न्यूयॉर्कला जवळ पडणाऱ्या तुरुंगात हलवलं. एवढं कागदावर आहे, १९५४ मध्ये चौकशीही झाली. विमानातून त्याच्या नावाचं अक्षर काढलेला पिवळा रुमाल सिसिलीत टाकला आणि सगळी सिसिली अमेरिकन फौजेपुढे नरम झाली, हे 'म्हणतात'च्या रकान्यात.

३ जानेवारी १९४६ ला त्याची शिक्षा कमी करून अट घातली, देश सोडायचा. इथे 'डिपोर्ट' म्हणू नका, तडीपार म्हणा, श्रोत्यांत एक क्षणही वाया जात नाही. सही कोणाची? तोपर्यंत न्यूयॉर्कचा गव्हर्नर झालेल्या ड्यूईचीच. फेब्रुवारीत बोट निघाली. तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुपचूप क्युबात हजर, डिसेंबरला हवानाच्या होतेल नासिओनालमध्ये अमेरिकेतल्या सगळ्या बड्या टोळीवाल्यांची बैठक. अमेरिकेने क्युबावर दाब आणला, १९४७ मध्ये परत इटलीला पाठवलं. मग नेपल्स, पोलिसांची पाळत, पंधरा वर्षं. २६ जानेवारी १९६२, म्हणजे आपल्याकडे झेंडावंदनाचा दिवस, नेपल्सच्या विमानतळावर हार्ट अटॅकने गेला, त्याच्या आयुष्यावर सिनेमा करायला निघालेल्या एका अमेरिकन निर्मात्याला भेटायला गेला होता. जिवंतपणी अमेरिकेत पाय ठेवू दिला नाही, प्रेत मात्र न्यूयॉर्कला, क्वीन्समधल्या सेंट जॉन्स स्मशानभूमीत न्यायला परवानगी मिळाली. नकाशावरची शेवटची टिकली नेपल्सवरून काढून परत न्यूयॉर्कवर लावा, काही बोलू नका.

प्रश्नांत तीन गोष्टी येतातच. एक, आपल्या मुंबईच्या भाई लोकांशी तुलना, त्यात पडू नका, संध्याकाळ तिथेच जाते आणि प्रत्येकाचा कोणीतरी मामेभाऊ अमुक डॉनच्या शेजारी राहिलेला असतो. दोन, ड्यूईचं पुढे काय झालं, ते सांगा, १९४४ आणि १९४८ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला. तीन, पोरं विचारतात किती खून केले स्वतः. वही उघडा, तिसरा रकाना दाखवा: मोठी शिक्षा झाली ती बायकांच्या धंद्यासाठी, खुनासाठी एकदाही नाही. आमच्याकडे एका आठवीतल्या मुलीने त्यावर विचारलं की मग त्या साक्ष देणाऱ्या बायकांची नावं फळ्यावर का नाहीत. खरंच नव्हती. दुसऱ्या वेळेला फ्लोरेन्स ब्राउन, नॅन्सी प्रेसर आणि मिल्ड्रेड हॅरिस लिहिली, त्यासाठी दोन इटालियन पुसावे लागले.